माळ्यावरची चिलीम : तंबाखूच्या वस्तू जपाव्यात की टाकाव्यात? (थ्रेड)

१/ पाइप जमवण्याचा छंद म्हटला की डोळ्यांसमोर विलायती चित्र उभे राहते. भूमध्य समुद्राकाठच्या ब्रायर झुडपाच्या मुळातून कोरलेला पाइप, तुर्कस्तानातल्या एस्किशेहिरचा पांढराशुभ्र मेरशॉम, डबीत व्हर्जिनिया आणि लटाकिया पानांचे मिश्रण, आरामखुर्चीत शेरलॉक होम्स. (मूळ कथांतला होम्स मातीचा काळा पाइपही ओढतो, हे मात्र चित्रकार विसरतात.) या हौसेत वाईट काही नाही. अडचण एवढीच आहे की, ज्या घरात असा पाइप काचेच्या कपाटात बसतो, त्याच घराच्या माळ्यावर पणजोबांची चिलीम, पितळी गुडगुडी आणि जीर्ण चंची धूळ खात असते. दिवाळीच्या साफसफाईत ती भंगारात जाते.

२/ पनवेल हे उदाहरण मुद्दाम घ्यावे असे गाव आहे. १८५२ साली येथे नगरपालिका आली, २०१६ साली महानगरपालिका. या दोन तारखांच्या मधल्या काळात बंदराचे गाव, घाटाखालची पेठ, सिडकोच्या नकाशातला एक कोपरा आणि आता विमानतळाचे शहर, इतकी रूपे त्याने पालटली. जुने वाडे उतरवले जात आहेत, आणि वाडा उतरला की पहिल्यांदा रिकामा होतो तो माळा.

३/ लोहमार्ग येण्यापूर्वी मुंबईहून पुण्याला जाणारा प्रवासी गलबताने किंवा होडीने पनवेलच्या खाडीत उतरे आणि तेथून बोरघाट चढे. घाटाचा गाडीरस्ता १८३० साली खुला झाला. देशावरून माल घेऊन उतरणारे गाडीवान पनवेलास मुक्काम करीत, आणि परतताना येथे बनलेली गाडीची चाके सोबत नेत. चाकांच्या या धंद्याची दखल इंग्रजी गॅझेटिअरनेही घेतली आहे. १८६३ साली रेल्वे बोरघाट चढली, पण ती कल्याण-कर्जतवरून. पनवेल बाजूला पडले.

४/ अशा मुक्कामाच्या गावात चिलीम ही चैनीची वस्तू नव्हती. बैल सोडले, वैरण टाकली, आगटी पेटवली की चिलीम भरायची, हा थकलेल्या माणसाचा दिनक्रम होता. त्या दिनक्रमाची कागदपत्रे नसतात. दप्तरात जकात नोंदली जाते, विसावा नोंदला जात नाही. म्हणून त्या विसाव्याची वस्तू हाच त्याचा दस्तऐवज ठरतो.

५/ आता थोडे मागे. तंबाखू मूळची अमेरिकेची. पोर्तुगीज जहाजांबरोबर ती पश्चिम किनाऱ्यावर उतरली आणि गोव्यातून, इतर बंदरांतून दख्खनेत शिरली. मोगल दरबारात ती कशी पोहोचली, याचे फार रंगतदार वर्णन असद बेगने लिहून ठेवले आहे. अकबराचा हा अधिकारी विजापूरला इब्राहिम आदिलशाहाकडे गेला होता. शाहजादा दानियालसाठी ठरलेल्या आदिलशाही राजकन्येच्या विवाहाचे काम होते. तेथे त्याने तंबाखू पाहिली. उत्तरेत तसले काही त्याने पाहिले नव्हते.

६/ असद बेगने नुसती तंबाखू उचलली नाही. त्याने पाइप बनवून घेतला. सुमारे तीन हात लांबीची नळी, सुमात्रा बेटावरच्या आचे येथे तयार झालेली. टोकांना जडाव आणि मीनाकाम. ओठांशी येमेनी अकीकाचा तुकडा. तंबाखू जळण्यासाठी सोन्याची वाटी. आदिलशाहाने भेट दिलेल्या पानाच्या पिशवीत त्याने उत्तम तंबाखू भरली आणि हे सारे चांदीच्या तबकात मांडून १६०४-०५च्या सुमारास अकबरापुढे ठेवले. सुमात्रा, येमेन, विजापूर आणि आग्रा एका नळीत जोडले गेले! भारतातल्या पाइपशौकिनांची वंशावळ लिहायची तर तिचा मूळपुरुष लंडनच्या क्लबात शोधू नये. तो विजापूरच्या बाजारात सापडतो.

७/ अकबराने दोन-चार झुरके घेतले. हकीम अस्वस्थ झाला. या वनस्पतीचा आपल्या ग्रंथांत उल्लेख नाही, गुणदोष कोणी तपासलेले नाहीत, तेव्हा बादशहाने ती घेऊ नये, असे त्याचे म्हणणे. असद बेगचा प्रतिवाद असा की, जगातली प्रत्येक रीत केव्हा ना केव्हा नवीच होती. अकबराला असद बेगचा युक्तिवाद आवडला, पण त्याने पुढे तंबाखू ओढली नाही. सरदारांनी मात्र ओढली. आणलेला साठा संपला, मागणी वाढली, व्यापारी सरसावले. १६१७ साली जहांगीरने बंदीचा हुकूम काढला तोवर फार उशीर झाला होता. इराणच्या शाह अब्बासनेही बंदी घातली होती. त्याच्याकडे गेलेला जहांगीरचा वकील खान आलम इतका आहारी गेलेला की, त्याच्यापुरती सवलत द्यावी लागली.

८/ येथे एक दंतकथा बाजूला सारली पाहिजे. धूर पाण्यातून नेण्याची युक्ती, म्हणजे हुक्का, अकबराच्या दरबारातल्या हकीम अबुल फतह गिलानीने काढली, असे सर्रास लिहिले जाते. गिलानी १५८९ साली वारला. असद बेगचे तबक त्यानंतर पंधरा वर्षांनी आले. म्हणजे दोन्ही गोष्टी जशाच्या तशा खऱ्या असू शकत नाहीत. असद बेग स्वतः घडलेले सांगतो. गिलानीची कथा मागाहून चिकटलेली दिसते.

९/ दुसरी दंतकथा अधिक फसवी आहे, कारण ती निम्मी खरी आहे. “धूम्रपान तर आयुर्वेदातच आहे.” पनवेलमध्ये हे वाक्य सहज कानी पडावे अशी परिस्थिती आहे; श्री धूतपापेश्वर ही औषधनिर्मिती संस्था येथे १८७२ साली सुरू झाली आणि वैद्यकाची परंपरा गावाच्या ओळखीचा भाग बनली. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, पाचव्या अध्यायात, धूमपान खरोखर आहे. नळीला तेथे धूमनेत्र म्हणतात. तिचे माप पिणाऱ्याच्या स्वतःच्या बोटांनी मोजायचे : विरेचनाच्या धुरासाठी चोवीस अंगुळे, स्नेहनाच्या धुरासाठी बत्तीस, नित्याच्या धुरासाठी छत्तीस. नळी सरळ हवी, तीन पेरांची हवी, छिद्र बोराच्या बीच्या टोकाएवढे हवे.

१०/ आणि मिश्रणही आहे. प्रियंगू, चंदन, वेलदोडा, वाळा, गुग्गुळ, अगुरू, नागरमोथा अशी द्रव्ये वाटून बोरूसारख्या काडीवर लेपायची, अंगठ्याएवढी जाड आणि आठ अंगुळे लांब वर्ती करायची, वाळली की काडी ओढून काढायची, तूप लावून पेटवायची. आजचा पाइपशौकीन व्हर्जिनियात लटाकिया किती घालावा यावर जितका विचार करतो, त्याहून हा विचार कमी नाही.

११/ पण यात तंबाखू नाही. असणे शक्यच नव्हते. ती वनस्पती तेव्हा महासागरापलीकडे होती. शिवाय चरकाने दिवसातल्या वेळा ठरवून दिल्या, झुरके ठरवून दिले, आणि धूर नाकाने बाहेर सोडू नये, डोळ्यांना अपाय होतो, असे बजावले. अवेळी वा अति प्यालेल्या धुराने बहिरेपणा, अंधत्व, मुकेपणा, रक्तपित्त आणि चक्कर येते, असेही तेथेच लिहिले आहे. चरकाच्या नावावर हुक्का खपवणाऱ्यांनी तो अध्याय शेवटपर्यंत वाचावा.

१२/ या विषयाचा मराठी अभ्यासक कोण, असे विचारले तर परशुराम कृष्ण गोडे यांचे नाव घ्यावे लागते (१८९१–१९६१). पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेचे हे अभिरक्षक. हस्तलिखितांच्या ढिगातून त्यांनी राजवंशांबरोबरच नथ, मिरची, मच्छरदाणी असल्या वस्तूंचे उल्लेख वेचले, आणि तंबाखूच्या इतिहासावरही लिहिले. क्षुल्लक वाटणाऱ्या वस्तूला तारीख लावणे ही किती कठोर विद्या आहे, हे त्यांच्या निबंधांवरून कळते. ‘आपल्याकडे हे पूर्वापार होते’ या वाक्याला त्यांच्याकडे थारा नव्हता.

१३/ गोडे शब्द जमवीत होते, त्याच काळात त्याच शहरात दिनकर गंगाधर केळकर वस्तू जमवीत होते. कवी म्हणून ‘अज्ञातवासी’. दिवे, अडकित्ते, कुलपे, भांडी, वाद्ये, हुक्के. अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने त्यांनी संग्रहालय उभे केले आणि १९७५ साली ते महाराष्ट्र शासनाला देऊन टाकले. वीस हजारांच्या आसपास वस्तू. अडकित्त्याला कोणी कलावस्तू म्हणत नव्हते तेव्हा केळकरांनी अडकित्त्यांसाठी गावेच्या गावे पालथी घातली. आज बाजीराव रस्त्यावरच्या त्या दालनात उभे राहिले की, सुपारी कातरण्याच्या साध्या कामात मराठी कारागिराने केवढी कल्पकता ओतली, ते दिसते. केळकरांनी उशीर केला असता तर त्यातले बहुतेक लोखंड आणि पितळ वितळून गेले असते.

१४/ हुक्क्याच्या बाबतीत जाणकार निदान बिदरीच्या सुरईपाशी थांबतो. जस्तात थोडे तांबे मिसळलेला धातू, त्यावर चांदीची जडणघडण, आणि बीदरच्या किल्ल्यातल्या मातीने आणलेला तो गाढ काळा रंग. नव्या संग्राहकांसाठी एक खूण : सतराव्या शतकातल्या हुक्क्याचे बूड बहुधा गोल असते आणि ते टेकवायला खाली वळे लागते, घंटेच्या आकाराचे, स्वतःच्या बुडावर बसणारे भांडे नंतरचे. एवढ्या एका खुणेवर विक्रेत्याच्या निम्म्या थापा उघड्या पडतात.

१५/ मातीच्या चिलमीला असे मानकरी नाहीत. कुंभाराच्या चाकावर ती झटपट होई, फुटली की दुसरी मिळे. आत तंबाखू घसरू नये म्हणून खडा, खाली ओल्या फडक्याची छापी, वर विस्तव. ती मुठीत धरून ओढतात. ओठ हाताला लागतात, चिलमीला लागत नाहीत. म्हणून ती हातोहात फिरू शकते. कोणाकोणाच्या हाती फिरते आणि कोणाच्या हाती दिली जात नाही, यात गावाची सारी उतरंड सामावलेली होती. ‘हुक्का-पाणी बंद’ हा शब्दप्रयोग बहिष्कारासाठी उगाच रूढ झाला नाही.

१६/ म्हणूनच शिर्डीच्या मशिदीत साईबाबांची चिलीम हिंदू-मुसलमान भक्तांमध्ये फिरे, ही गोष्ट वाटते तितकी साधी नाही. १९१८ साली बाबांनी देह ठेवला. त्यांच्या चिलमी शिर्डीत जपलेल्या आहेत. कुंभाराकडची स्वस्त माती, पण कोणी वापरली हे ठाऊक असल्यामुळे ती अमोल झाली. मोल ठरते ते वस्तूबरोबर टिकलेल्या नावामुळे, ही गोष्ट संग्राहकाने येथून शिकावी.

१७/ शेगावच्या गजानन महाराजांची कथाही घ्या. दासगणूंच्या ‘श्रीगजाननविजय’मध्ये जानकीराम सोनार अक्षय्यतृतीयेला चिलमीसाठी विस्तव द्यायचे नाकारतो, कारण सणाच्या दिवशी विस्तव देणे अशुभ, आणि महाराजांची चिलीम विस्तवाशिवाय पेटते. भक्त येथे चमत्कार पाहतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याने शेजारची भट्टीही पाहावी. चिलीम ओढायला दुसऱ्याच्या आगीवर अवलंबून राहावे लागे. आग मागणे, देणे, नाकारणे हा रोजचा सामाजिक व्यवहार होता. काडेपेटी स्वस्त झाली आणि तो व्यवहार संपला. विडी खिशात मावते, एकट्याने ओढता येते, शेजाऱ्याकडे विस्तव मागावा लागत नाही. चिलमीला बाजूला सारण्याच्या कामी काडीपेटीचा वाटा मोठा आहे.

१८/ येथवर वाचून तंबाखूविषयी हळवेपणा दाटून आला असेल तर तो आवरावा. पनवेल महानगरपालिकेच्याच हद्दीत, खारघरला, टाटा स्मारक केंद्राचे अ‍ॅक्ट्रेक हे कर्करोग संशोधन आणि उपचार केंद्र उभे आहे. तेथल्या बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेसमोर ‘संथ झुरक्यांचे तत्त्वज्ञान’ सांगून पाहावे. पाइपचा धूर छातीत घेत नाहीत म्हणून तो निरुपद्रवी, हा शौकिनांचा लाडका समज आहे. तोंडाचा आणि घशाचा कर्करोग तो समज मानत नाही. कमला मिलच्या आगीनंतर महाराष्ट्राने २०१८ साली हुक्का पार्लरवर बंदी घालणारा कायदा केला, तो योग्यच होता.

१९/ आणि पान पिकवणारे, खुडणारे, चाळणारे हात? निपाणीचा मराठी मुलूख विडीच्या तंबाखूवर जगला. १९८१च्या मार्च-एप्रिलमध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी पुणे-बंगळूर महामार्ग अडवला. रास्त भाव मागणाऱ्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, माणसे मेली. त्याच निपाणीत तंबाखूच्या धुरळ्यात दिवसभर राबणाऱ्या बायकांनी संघटना उभी केली. ‘युगांतर’ या गटाने १९८२ साली त्यांच्यावर माहितीपट केला. ब्लेंडच्या डबीवर पानाचे गाव छापलेले असते. बाईचे नाव कुठेही नसते. मिश्रणाचा इतिहास लिहायचा आणि ही बाजू गाळायची, तर तो इतिहास जाहिरातीच्या योग्यतेचा उरतो.

२०/ मग चिलीम टाकून द्यावी का? येथे दोन्ही टोकांचे लोक एकच चूक करतात. व्यसनाची लाज वाटणारा ती फोडतो. शौकाचा अभिमान असणारा ती घासून-पुसून, लाख लावून, भिंतीवर टांगतो. दोघेही पुरावा नष्ट करतात. चिलमीच्या आतली काजळी ही घाण नाही. त्या काजळीत निकोटीनचे अंश सापडू शकतात, गांजाचे सापडू शकतात, म्हणजे नेमके काय ओढले जात होते हे प्रयोगशाळेत सांगता येते. चिंचेने लखलखीत केलेली गुडगुडी दिसायला सुंदर, पण तिने आपली साक्ष धुऊन टाकलेली असते. विलायती पाइपचे संग्राहक जुने पाइप अल्कोहोलने आतून धुतात, कारण त्यांना ते ओढायचे असतात. ज्याला वस्तू वापरायची आहे आणि ज्याला ती जपायची आहे, त्यांचे हित येथे वेगळे होते. एकाच वस्तूवर दोन्ही हौशी भागवता येत नाहीत.

२१/ पनवेलसाठी हा प्रश्न पुस्तकी नाही. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. त्या जागेसाठी उलवे, कोपर, कोल्ही, तरघर, कोंबडभुजे, चिंचपाडा अशी गावे उठली. जमिनीचा मोबदला, भूखंड, घरभाडे यांचे हिशेब झाले, त्यांवर भांडणे झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. १९८४ साली दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली याच पट्ट्यातल्या भूमिपुत्रांनी त्या हिशेबासाठी रक्त सांडले होते. पण घरे रिकामी करताना कोनाड्यातून काय निघाले, याचा रकाना कोणत्याही अर्जात नसतो. पाटा-वरवंटा ट्रकमध्ये चढतो, कारण तो लागतो. आजोबांची चंची चढत नाही. सरकारी नोंदींत हे गाव भूसंपादनाचा सर्व्हे नंबर म्हणून उरेल; ते जगले कसे, हे सांगणारी वस्तू तीच होती.

२२/ महानगरपालिकेकडे संग्रहालय मागावे, जरूर मागावे. पण केळकरांनी कोणाकडे मागून सुरुवात केली नव्हती. पनवेलच्या, उरणच्या, पेणच्या तरुणांनी आपल्याच घरापासून आरंभ करावा. फोनमध्ये छायाचित्र, शेजारी मोजपट्टी. वस्तू कोणाची, त्या माणसाचा धंदा काय, कुठल्या गावची, कोणत्या कुंभाराकडून वा तांबटाकडून घेतली, विस्तव कोठून आणीत, कोणाबरोबर बसून ओढीत आणि कोणाबरोबर नाही. शेवटचा प्रश्न आजी-आजोबा टाळतील. तो दुसऱ्यांदा विचारावा. बायका मिश्री लावीत होत्या का, तपकीर ओढीत होत्या का, हेही विचारावे; धुराच्या वस्तूंवर पुरुषांची नावे असतात आणि घरातल्या तंबाखूचा निम्मा इतिहास चुलीजवळच्या डबीत असतो.

२३/ एक कायदेशीर सूचना. १९७२च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावशेष ठरते. ती घरात बाळगायला हरकत नाही. पण तिचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. परदेशी संग्राहकाने आजोबांच्या बिदरी हुक्क्याला डॉलरमध्ये भाव दिला तर हे ध्यानात असू द्यावे.

२४/ माहिती लिहिलेली चिठ्ठी वस्तूला डिंकाने चिकटवू नये. सुती दोऱ्याने बांधावी, पेन्सिलने लिहावी. शाई दमट कोकणात पसरते. आणि आतला खडा हलवू नये.